पितळी पिन

९ जानेवारी

लेकीचा डावा डोळा बंद आहे. सूज गालापर्यंत उतरली आहे आणि खालचा ओठ आतून फाटला आहे. सकाळी साडेनऊला दारात उभी होती — एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात एकच चप्पल. दुसरी जिन्यात राहिली म्हणे. त्याच्या जिन्यात.

हिने तिला आत घेतलं, पाणी दिलं, काही विचारलं नाही. मी विचारलं, "कशाने मारलं?"

"इस्त्रीने," म्हणाली. आणि मग, "गार होती, बाबा." जणू त्यात जावयाची बाजू घेण्यासारखं काही होतं!

इस्त्री दीड किलोची. हात लांब करून फिरवली तर — नको, गणित नको. तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मागच्या शेडमध्ये आलो आणि वाइसच्या लोखंडी जबड्यात धरलेलं नळाचं मॉडेल घणाने चपटं केलं. आपोआप बंद होणारा नळ, तीन महिन्यांचं काम. मरू दे तो नळ.

१० जानेवारी

दिवसभर एकच विचार. त्याच्या घरी जावं, त्याचे दोन्ही हात वाइसच्या जबड्यात धरावेत आणि दांडा फिरवावा. अर्धा फेरा. थांबायचं. मग आणखी अर्धा. बोटांची हाडं कोणत्या क्रमाने जातात ते मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर काढली, गेलेली बोटं पाहिली आहेत, एकदा उचलून रुमालात बांधून दवाखान्यात पोचवलीही आहेत.

हिला तसं बोलून दाखवलं. म्हणाली, "तुम्ही कुठेही जायचं नाही." बरं. नाही जात.

१२ जानेवारी

जावयाचा फोन. हिने उचलला, मी तिच्या हातातून घेतला. आधी साखर पेरत होता. मग म्हणाला, "माझी बायको आहे ती. पाठवा, नाहीतर दार तोडून नेईन."

फोन ठेवून दारापाशी गेलो आणि आज पहिल्यांदा ते नीट पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ये-जा करतोय, आणि दार म्हणजे काय? दोन पातळ फळ्या, मध्ये भुसा. बिजागऱ्यांचे स्क्रू अर्ध्या इंचाचे. कडी नुसती शोभेला. एक लाथ मारली तर दुसरीची गरज नाही. आणि घरात कोण राहतं? मेकॅनिकल इंजिनिअर!

उद्यापासून अडसर. बाकी सगळं बाजूला.

१३ जानेवारी

ही विचारते, चांगलंसं कुलूप का नाही आणत? कुलूप काय कुणीही आणेल.

१६ जानेवारी

आराखडा झाला. लिहून ठेवतो म्हणजे डोकं जरा थाऱ्यावर येईल.

आधी जुनं दार जाऊन त्या जागी जाड लाकडाचं. त्याच्या आत, चौकटीलगत, पोलादी पट्टी उभी टांगलेली, वर आकड्यात अडकवून. बाहेरून दणका बसला की आकडा सुटतो, पट्टी स्वतःच्या वजनाने आडवी पडते आणि दोन्हीकडच्या खोबणींत बसते. खाडकन! नुसत्या टकटकीने पडत नाही, दणकाच लागतो. घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात, कडी सापडत नाही. इथे हातांचा संबंधच नाही.

निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत जे जे बनवलं त्याला ही हसत आली. अक्रोड फोडायचं यंत्र केलं, त्याची टरफलं अजून छताला आहेत. कपडे वाळत घालायची दोरी कप्पीवरून खाली येणारी केली, ती पहिल्याच दिवशी बांबूसकट हिच्या खांद्यावर आली. हे मात्र हसण्यावारी नेणार नाही कुणी. पहिल्यांदाच असं काहीतरी बनवतोय की ज्यावाचून कुणाचं तरी अडलं आहे.

१८ जानेवारी

गाडी अडली. दाराला कशाशी झुंजायचं आहे तेच माहीत नाही, तर पट्टी किती जाड घेऊ? पुस्तकांत वाऱ्याचा दाब आहे, पाण्याचा आहे, चालत्या गाडीच्या धडकेचा आहे. चिडलेल्या माणसाचा घाव कुठल्याच तक्त्यात नाही.

जेवताना मोठ्याने म्हणालो, "चिडलेला माणूस किती जोरात मारतो, एवढा एक आकडा मिळाला की झालं."

ही भात वाढत होती. म्हणाली, "मला विचारा."

लेकीने ताटातून वर पाहिलं. मला हसू आलं. हिला भाराच्या गणितातलं काय कळतंय!

१९ जानेवारी

सुटलं! माझाच घाव धरायचा. वय चौसष्ट, पण दंड अजून आहेत. तो तरुण, म्हणून दीडपट. सोपं.

२० जानेवारी

चाचणी क्र. १. जागा — शेड. भंगारवाल्याकडून जुनं जाड दार आणून चौकटीत ठोकलं. ठोकणारा — मी, चार किलोचा घण. मोजणारी — ही, स्टुलावर, कागद-पेन्सिल घेऊन. चौथ्या घावाला उजवी खोबणी उखडली. निकाल — नापास.

एक गोष्ट लक्षात आली. थंड डोक्याने घाव बसत नाही. राग आणावा लागतो. मी इस्त्री आठवतो.

२२ जानेवारी

चाचणी क्र. २. सहा घाव. आकडा वाकला. नापास.

शेवटी शेवटी मी ओरडत होतो म्हणे. मला ऐकू आलं नाही. थांबलो तेव्हा घामाने डोळे चुरचुरत होते आणि तळहाताची साल निघाली होती. लेक स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती ती निघून गेली होती, आणि आत दूध उतू जात होतं. हिने मात्र कागदावर सहा रेघा ओढल्या होत्या, सरळ, एकीसारखी एक. हिचा हात जराही कापत नाही. कौतुक वाटलं.

२५ जानेवारी

तो आला! सकाळी अकराला, गुळगुळीत दाढी करून, सफरचंदांची पिशवी घेऊन. लेक आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या आणि भिंतीच्या मधे बसली. मी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

"बाबा, चुकलं माझं," म्हणाला. "कामाचा ताण होता. डोकं फिरलं आणि हात उठला."

हात उठला! जसा काही हात म्हणजे लिफ्ट, वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं! मी म्हणालो, अरे, खांदा, कोपर, मनगट — तीन सांधे आहेत. तिन्ही चालवल्याशिवाय हात उठत नाही. चालवत कोण होतं, तेवढं सांग. त्याने पिशवीच पुढे केली. पिशवी हिसकावून घेतली, जिन्यात उपडी केली आणि तो उतरू लागला तसं एक सफरचंद नेम धरून त्याच्या पाठीत घातलं. फटकन फुटलं. वळला तेव्हा चेहरा पार वेगळा होता. "बघतो तुम्हाला," म्हणाला, आणि खाली पडलेली सफरचंदं एकेक टाचेखाली चिरडत गेला.

'मी मारलं' म्हणायला जीभ का वळत नाही या लोकांची? म्हणे हात उठला.

२८ जानेवारी

भोंग्याच्या लेथवर गेलो होतो. कारखान्यात माझ्या हाताखाली होता, आवाजामुळे हे नाव पडलं. आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. आराखडा पाहून खूश झाला. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, तो शिरणार नाही हे ठीक. पण आत कुणाला चक्कर आली, गॅस सुटला, तर तुम्ही कसे शिरणार?"

बरोबर आहे गाढवाचं! मला कसं सुचलं नाही?

उपाय आम्हा दोघांना एकदमच आठवला — बोकड. आमच्या प्रेसमध्ये एक पिन मुद्दाम मऊ धातूची ठेवत. जोर जास्त झाला की ती तुटायची आणि मशीन वाचायचं. कामगार तिला बोकड म्हणत. रोज एखादा बोकड पडायचा. कुणाला वाईट वाटायचं नाही, ती त्याचसाठी असते. खालच्या बिजागरीशेजारी पट्टीला धरणारी एक पिन पितळी ठेवायची. दारावर नेमक्या त्या जागी मारलं तर तिसऱ्या घावाला पिन तुटून पट्टी सुटेल. दुसरीकडे कुठेही मारा, काही होणार नाही. जागा फक्त मला ठाऊक.

३० जानेवारी

नवल घडलं. ही स्वतःहून शेडमध्ये आली. पिनांची डबी पाहिली, एक पितळी, एक पोलादी हातात घेतली. "दिसायला सारख्याच की. मापही तेच?" म्हणाली. तेच, म्हटलं. बोकडाची सगळी गोष्ट सांगितली. लेकही दारात येऊन उभी राहिली होती, तीही ऐकत होती.

"आणि पितळीच्या जागी पोलादी घातली तर?"

"तर मग कुणाच्या बापाला तुटायची नाही," म्हटलं. पिन काढायची कशी तेही दाखवलं — खालून खिळा लावून दोन ठोके, की बाहेर. हिने करून पाहिलं, पहिल्या झटक्यात जमलं! सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हिने माझ्या कामात रस घेतला. मन भरून आलं, खरंच. थोडं आधी घेतला असता तर!

३ फेब्रुवारी

चाचण्या क्र. ३ आणि ४ नापास होत्या, लिहायचा कंटाळा केला. क्र. ५ — खुणेवर मारून पाहिलं, बरोबर तिसऱ्या घावाला बोकड पडला. क्र. ६ — मधोमध वीस घाव. पट्टी हलली नाही. घणाचा दांडा तडकला! पास. पास. पास.

आज सगळं घराच्या दारावर चढवलं. बाहेरच्या बाजूला, खालच्या बिजागरीवर चार बोटं सोडून, रंगाखाली एक बारीक ठिपका ठोकला. हिला दाखवला, दुसऱ्या कुणाला नाही. डबीत राहिल्या पितळी पाच, पोलादी सहा. नोंद केलेली बरी, सवय आहे.

५ फेब्रुवारी

लेकीची सूज उतरली. गाल पिवळा पडलाय, पण डोळा पूर्ण उघडतो. दुपारी आईजवळ बसून तिचा हात हातात घेऊन म्हणत होती, "आई, तुझं हे बोट कधी मोडलं गं?" मी पेपर वाचत होतो. ही म्हणाली, "दारात सापडलं." खरंच आहे. दार मी आपटलं होतं, बोट तिथे आहे हे मला काय माहीत.

मी एकदा पाना फेकला होता तेव्हाचंही तसंच. पाना मी तिच्यावर फेकला नव्हता. ज्या दिशेला फेकला त्या दिशेला ती होती. खांद्याचं हाड जुळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी घरात सगळं केलं — भांडी घासली, लेकीची वेणी घातली. ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे आज का लिहितोय कोण जाणे.

११ फेब्रुवारी

टिकलं!!

सकाळी दहा वीसला जिन्यात पावलं. आवाज न देताच पहिला घाव घातला. पहार घेऊन आला होता. पट्टी खाडकन खाली आली, दोन्हीकडे बसली. अहाहा! लेक किंचाळली, हिने तिला ओढून आत नेलं. मी दारापासून दोन हातांवर उभा राहिलो आणि मोजू लागलो. पाच. सहा. तो शिव्या देत होता, तिच्या नावाने, हिच्या नावाने. आठव्याला दाराशेजारच्या गजांच्या खिडकीची काच फोडली, तुकडे माझ्या पायांवर आले. अकरा. बारा. दार हूं की चूं करत नव्हतं. चौदाव्यानंतर पहार जमिनीवर पडल्याचा आवाज आला. दाराच्या भोकातून पाहिलं — पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून, धापा टाकत. दोन्ही तळहात रक्ताळलेले.

मी पट्टी उचलली आणि दार उघडलं.

आतून ही ओरडली, "अहो, नको!" घण माझ्या हातात होता. त्याने वर पाहिलं, हात आडवा केला. कोपरावर घातला. हिरवी फांदी मोडताना होतो तसा आवाज झाला. दुसरा गुडघ्यावर. तो पायऱ्यांवरून घरंगळत खालच्या वळणावर गेला, मी मागोमाग. तोंडावर मात्र घण नाही वापरला, बूट वापरला. दोन दात पायरीवर होते. लहान दिसतात बाहेर पडले की. तो "बाबा, बाबा" म्हणत होता. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आणि त्याच्या भावाने मला मागून कवळ्यात धरून ओढलं, नाहीतर मी थांबलो नसतो. हे कबूल करायला हवं. थांबावंसंच वाटत नव्हतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पोलीस आले, त्याला दवाखान्यात नेलं, माझा जबाब घेतला. पहार त्याची, काच माझी, म्हणून तूर्त मला घरी सोडलं. हवालदाराने अडसर तीन वेळा पाडून पाहिला. "साहेब, डोकं आहे तुम्हाला," म्हणाला.

१२ फेब्रुवारी

पायरी घासून धुतली. एक दात सापडत नाही.

१३ फेब्रुवारी

आज जेवताना लेक बोलली. इतक्या दिवसांत माझ्याशी नीट वाक्य बोलली ते हे!

"बाबा, दार टिकलं होतं ना?"

"मग! चौदा घाव."

"मग तुम्ही उघडलंत का?"

मी समजावून सांगितलं. अशा माणसाला एकदा धडा शिकवावाच लागतो. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, नाही, नाही अशी. "तो दमून बसला होता. आम्ही आत होतो. आम्हाला काही होणार नव्हतं. तुम्ही उघडलंत, बाबा. तुम्हाला मारायचं होतं."

"तुझ्यासाठी केलं मी!"

"लहानपणी मी पलंगाच्या आणि भिंतीच्या मधे बसायचे, ती जागा मी त्याच्यामुळे नाही शोधली," म्हणाली. आवाज अगदी शांत. "या घरातला बोकड कोण होतं, माहीत आहे तुम्हाला? तिकडे बघा. ताट घेऊन बसलीय ती."

हात उठला.

डाव्याच गालावर. फार जोरात नव्हता. ती खुर्चीसकट मागे पडली, भांडं घरंगळत दारापर्यंत गेलं. ही उठली, तिला उचललं, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१४ फेब्रुवारी

दोघीही बोलत नाहीत. येतील ताळ्यावर. दिवस गेले की सगळं सुरळीत होतं, आजवर झालंच आहे.

१५ फेब्रुवारी

ही शेडमध्ये आली होती. स्टूल नेलं आणि एक खिळा. कसलंसं कॅलेंडर लावायचंय म्हणाली. मी म्हटलं, मी ठोकून देतो. "नको," म्हणाली, "जमतं मला."

चला, बोलली तरी!

१६ फेब्रुवारी

चाचणी क्र. ७. जागा — आमचं घर. वेळ — दुपारी सव्वाबारा, भोंग्याकडून परत आल्यावर.

किल्ली फिरली, पण आतून कडी होती. हाका मारल्या. मूठ आपटली. खाडकन पट्टी पडली.

शेडमधून घण आणला. ठोकणारा — मी, बाहेरून, ठिपक्यावर. मोजणारी — ही, आतून. आवाज स्पष्ट येत होता, जराही कापत नव्हता.

तिसऱ्या घावाला तुटायला हवी होती. नऊ घातले.

शेडमध्ये येऊन डबी उघडली. पितळी सहा. पोलादी पाच. ३ फेब्रुवारीच्या नोंदीत उलटं आहे.

निकाल — पास.